बाप काय करतो

इंग्रजी अमदानीत अमरावतीच्या कॉलेजात शाखा न ठरलेल्या मुलांना सल्ला देण्याचं काम माझ्याकडे होतं. मी आधी बापाचा धंदा विचारी आणि त्यावरून शाखा सांगे.

भातकुलीचा एक मुलगा गुडघ्यावर टोपीच्या घड्या नीट करत बसला.

"मले गणितही आवडते अन् इतिहासही," तो म्हणाला.

"वडील काय करतात?"

"फुलं विकते माहा बाप."

"मग नागपूरला शेतकी कॉलेजात जा."

तो टोपी घालून उठला. "फुलं त मी घरीच शिकलो, सर. इथं दुसरं काही शिकाले आलो होतो."

मी पुढच्याला हाक मारली. तो पुन्हा दिसला नाही.

मुलांना मार्गी लावलं म्हणून लोक अजून माझा सत्कार करतात. त्या मुलाच्या बापाचा धंदा मला पक्का आठवतो. मुलाचं नाव मात्र मी विचारलंच नव्हतं.