एकाच टोकाला बांधलेला साकव

टेबलावर पाच साकव, मागच्या बाकावर केंद्रप्रमुख आणि माझ्या हातात गुणतक्ता. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची सातवीपर्यंतची शाळा. केंद्रप्रमुख म्हणजे दहा-बारा शाळांवर लक्ष ठेवणारे साहेब. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला या पाचांतला एकच जाणार होता.

साकव म्हणजे ओढ्यावरचा पायी जायचा पूल. मुलांना मी बांबूच्या कामट्या, सुतळी आणि दोन विटा दिल्या होत्या. विटा म्हणजे काठ. मधोमध दगडांची पिशवी ठेवली तरी साकव टिकला पाहिजे, ही मुख्य अट. कसा करायचा ते मी सांगायचं नाही. त्यांनी करून, मोडून, पुन्हा करून शोधायचं. असल्या तासाला वर्गाचा मासळीबाजार होतो. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि पोर्शन कुठवर आला ते विचारलं. मी मोघम उत्तर दिलं.

पाचवा साकव सारिकाचा, एकटीचा. ती ओढ्यापलीकडच्या वाडीतली. पावसाळ्यात निम्मे दिवस गैरहजर, म्हणून कुठल्या गटाने तिला घेतलं नव्हतं. आजवर कशालाच तिची निवड झाली नव्हती. या वेळी तिला जायचंच होतं. तीन दिवस मधल्या सुट्टीत ती कामट्या तासत बसली होती. तिच्या साकवाने वजन पेललं. पण त्याचं एकच टोक विटेला बांधलेलं, दुसरं नुसतं टेकवलेलं. ‘दोन्ही टोके पक्की’ या रकान्यात मी शून्य लिहिलं. सारिका बाद झाली.

ती जागेवर गेली नाही.

“बाई, मी मुद्दाम सोडलाय तो.”

“का?”

“आमच्या साकवाचं पन एकच टोक बांधतात. पानी सोडून बगा ना.”

साहेब हसले. मला मात्र राग आला, खरं सांगते. त्यांच्यादेखत तिने उलट बोललेलं मला खपलं नाही. तिचं म्हणणं खोडून काढायलाच मी सगळ्यांना शाळेमागच्या चरीपाशी नेलं. चरीत विटा मांडून एकेक साकव लावला आणि वरून बादल्या ओतायला लावल्या. पाण्याबरोबर पाचोळा आला. पहिले चारही साकव पाचोळा अडकून मधोमध मोडले. सारिकाच्या साकवाचं सुटं टोक पाण्याने उचललं, साकव वळला आणि काठाला लागून पडून राहिला. पाणी ओसरल्यावर तिने तो पुन्हा विटेवर ठेवला. धड होता.

“पूर आला का पानी त्याला बाजूला करतं,” ती म्हणाली. “उतरला का आमी परत लावतो.”

शून्य मी तिथेच खोडलं. लाज वाटली. इतकी वर्षं मी महाडहून एसटीने इथे येते. ‘ओढ्याला पाणी, गैरहजर’ असा तिच्या नावापुढे शेरा मारत आले, पण तो ओढा कधी बघायला गेले नाही.

प्रदर्शनात साकव पत्र्याच्या पन्हळीत मांडला. परीक्षकांनी सुटं टोक बोटाने हलवलं आणि हे बांधायचं राहिलं वाटतं, असं म्हटलं. सारिकाने माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून पाण्याच्या दोन बाटल्या काढून तिच्या हातात दिल्या.

दुसरा नंबर आला. माझ्या गुणतक्त्यात आता एक रकाना वाढलाय: ‘असं का केलं?’ तो मुलाने भरल्याशिवाय मी शून्य देत नाही.