पॉपअप आणि डेअरीवरची माणसं

शिरवळच्या कंपनीने मला गणपतीपर्यंत बिनपगारी रजा दिली होती. तेवढ्या अवधीत घरचा बेदाणा वेबसाइटवरून विकून दाखवायचा, नाहीतर पुन्हा शिरवळला खोली घेऊन राहायचं आणि रविवारी पलूसला पाहुण्यासारखं यायचं, असं माझं मीच ठरवलं होतं. मला जायचं नव्हतं. नवरा द्राक्षबागेत, सासरे फौजेतून निवृत्त होऊन घरी. दोघांपैकी कुणाशीही मी हे बोलले नव्हते. पण भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं की घराला कळतंच.

बेदाणा हा काही रोज घ्यायचा माल नव्हे. माणूस साइटवर येतो, फोटो बघतो, छान म्हणतो आणि विसरून जातो. म्हणून त्याचा ई-मेल मागून ठेवायचा आणि यंदाचा माल तयार झाला की कळवायचं. तो ई-मेल मागणारी चौकट, म्हणजे पॉपअप. तिच्यावर मी जेवढं डोकं खपवलं तेवढं स्वतःच्या लग्नाच्या शालूवरही खपवलं नव्हतं.

पहिली चौकट पान उघडताक्षणी धाडकन समोर यायची आणि नाव, गाव, मोबाईल, ई-मेल सगळं विचारायची. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, ती फार आवडली. "बराबर हाय. आमच्या युनिटात बी गेटवर नाव-गाव लिवल्याबिगर कुणाला आत सोडत न्हवते," ते म्हणाले. लोक मात्र गेटवरूनच परत फिरत होते. कोण किती वेळ थांबलं हे मला मागून दिसायचं.

चौकट बंद करायचं बटण मी इंटरनेटवरच्या धड्यांत बघून केलं होतं. त्यावर लिहिलं होतं, 'नको, मला तब्येतीची पर्वा नाही.' नवऱ्याने ते मोठ्याने वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवून हसला. "दारात आलेल्या माणसाला आसं बोलतीस व्हय गं?"

मला राग आला, कारण तो खरं बोलत होता. मग मी सगळं काढून टाकलं. एकच रकाना ठेवला, ई-मेलचा, आणि वर बेदाण्याने रक्त वाढतं, लोह मिळतं एवढी ओळ. बंद करायची फुली चांगली ठसठशीत केली. बटणावर साधं 'आत्ता नको' लिहिलं. आणि चौकट लगेच न येता, माणूस खाली सरकत सरकत आमच्या बेदाणा शेडच्या फोटोपर्यंत पोचला की मगच यावी, असं केलं. तिथवर आलेला माणूस थोडाफार तरी आपला असतो.

त्यानंतर अधूनमधून एखादा ई-मेल यायला लागला. आणि मग एका आठवड्यात नुसता पाऊस पडला. सकाळी उठावं तर नवे ई-मेल, संध्याकाळी पुन्हा नवे. मी स्वतःवर इतकी खूश झाले की शिरा केला. यंदाचा बेदाणा तयार आहे, असं पत्र लिहून सगळ्यांना पाठवूनही दिलं.

शिऱ्याचं भांडं घासून व्हायच्या आत शेजारच्या मळ्यातले काका आले. त्यांची बेदाणा शेड आमच्या शेडला लागूनच आहे. "आबानी काल डेअरीवर माझ्या फोनात कायतरी भरलं, ते झालं का न्हाई गं बराबर?" त्यांनी विचारलं.

तेव्हा उलगडा झाला. आबा रोज सकाळ-संध्याकाळ दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाला साइट उघडायला लावून, खाली सरकवायला लावून, चौकट भरून घेत होते. स्वतःचा ई-मेल काय हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. रकान्याला बोट लावलं की फोनच तो सुचवायचा आणि आबा म्हणायचे, "दाब गड्या." ज्यांच्या घरी पोत्याने बेदाणा पडलाय अशा सगळ्या गावाला मी बेदाणा घ्या म्हणून पत्र धाडलं होतं.

आबांना काय बोलणार? मी जाऊ नये म्हणूनच ते डेअरीवर उभे राहत होते, हे न सांगता कळत होतं. मी काकांना चहा दिला आणि मनात शिरवळच्या खोलीचं सामान बांधायला घेतलं.

दुपारी पहिलं उत्तर आलं. जम्मूकडून. 'हा ई-मेल माझा आहे. सुट्टीवर आलो होतो तेव्हा वडिलांच्या फोनला मीच जोडून दिला होता. गावचा बेदाणा इकडे येईल का? चार किलो पाठवा, पोरं खातील.' मग पुण्याहून एका लेकीचं, मग बेंगळुरूहून, मग पुन्हा फौजेतलं एक. गावातल्या म्हाताऱ्यांच्या फोनमधले ई-मेल सगळे बाहेरगावी गेलेल्या पोरांचे होते. माझं पत्र डेअरीवर पोचलंच नव्हतं, ते थेट त्यांच्याकडे गेलं होतं. मी खुर्चीत बसून रडले आणि मग वजनकाटा पुसायला घेतला.

चौकट मी त्याच दिवशी बदलली. तब्येत, रक्त, लोह सगळं गेलं. आता ती विचारते, 'गावापासून लांब आहात? नवा बेदाणा निघाला की कळवू का?' लोक भरतात. आमचे भरतात, कडेगावकडचे भरतात, मला माहीतही नसलेल्या गावांचे भरतात, आणि त्यांचे मित्रही भरतात. गणपती यायच्या आधीच निम्म्याहून जास्त माल गेला.

सगळे ई-मेल एकदा नीट बघत होते, तर त्या आठवड्यातला सगळ्यात पहिला माझाच निघाला. मी तर भरला नव्हता. मग आठवलं, शिरवळला असताना आबांच्या नव्या फोनला मीही माझाच ई-मेल जोडून दिला होता. डेअरीवर जाण्याआधी आबांनी सुरुवात स्वतःपासून केली होती.

त्याच ई-मेलवरून मी कंपनीला राजीनामा पाठवला. घरात लगेच सांगितलं नाही. कंपनीचं उत्तर येऊ दे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये खोकी भरत होते. आबा चष्मा लावून, फोन हातावर तोलत सावकाश आले. फौजेत राहिल्यामुळे इंग्रजी त्यांना कामापुरतं वाचता येतं. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

"तुझं पत्र माझ्याकडं आलंय," ते म्हणाले. "मंजूर केलंय म्हणत्यात."

मग फोन खिशात घालून ते समोर बसले आणि खोक्यांना चिकटपट्टी लावायला लागले.