बुडानं चालवायची गाडी

मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत सगळी माणसं वळणाला वैतागतात. वळण दिसलं की ज्यांच्या चेहऱ्यावर तेज चढतं असे एकच गृहस्थ मी पाहिले, आणि ते माझे थोरले साडू आहेत. त्यांची गाडी सेकंडहँड, पण चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी, मनात आणलं तर वाऱ्याला मागे टाकणारी. तिचा निम्मा जन्म साकीनाक्याच्या सिग्नलला रिक्षांच्या मागे उभं राहण्यात गेला, याचं साडूंना कधी दुःख नव्हतं. "सरळ रस्त्यावर काय, कोणीपण पळवेल रे. गाडी कळते ती वळणावर," असं म्हणत ते रविवारी भल्या सकाळी मला उठवून घोडबंदरच्या वळणांवर न्यायचे. तिथेही वेग असा, की दुधाचा टेम्पो हॉर्न मारत पुढे निघून जाई. काट्याकडे साडू बघतच नसत. "गाडी डोळ्यांनी नाही, बुडानं चालवायची. सीटखालून ती सगळं सांगत असते." माझ्या बुडाला खड्ड्यांपलीकडे काही ऐकू आलं नाही, तो माझ्या बुडाचा दोष.

त्यांचा जन्माचा वैरी एकच, अंडरस्टीअर. म्हणजे आपण स्टीअरिंग वळवतो आणि गाडी मात्र नाक बाहेर काढून सरळ चालू लागते. आमचं लोखंडी कपाट जिन्यावरून उतरवताना त्यांनी तो साऱ्या बिल्डिंगला समजावला. पुढे साडू आणि मी, मागे शेजारचे दोन उत्साही पैलवान. वळणावर मागच्यांनी जोर लावला, आम्हाला वळायला फुरसतच मिळेना, आणि कपाट माझ्या बोटासकट भिंतीवर गेलं. मी बोंबललो. साडू आनंदानं ओरडले, "बघितलंस? चौघांनी जोर लावला म्हणून चौघं वळवत नाहीत! वळवायचं काम पुढच्या दोघांचंच. त्यांच्यावर लोड आला की वाट लागली!" बोट अडकलेलं असतानाच त्यांनी उपायही सांगितला. अशा वेळी स्टीअरिंग आणखी पिळायचं नाही. पाय हलका करायचा, स्टीअरिंग किंचित सोडायचं. पुढच्या चाकांची पकड परत आली की नाक आपसूक आत येतं. मागच्यांनी जोर सोडला, बोट सुटलं, कपाट सुरळीत वळलं. शास्त्र खरं होतं, हे मला नख काळं पडूनही मान्य करावं लागलं.

गेल्या वर्षी साडूंना बाजूचं दिसेनासं झालं. डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं. साडूंनी गाडी धुतली, पुसली आणि गिऱ्हाईक ठरवलं. "उभी ठेवून गंजवायची नाही," एवढंच म्हणाले. गिऱ्हाईक रविवारी संध्याकाळी यायचं होतं. त्या सकाळी ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, किल्ली उचलली. घरची छोटी गाडी त्या चालवत, पण हिला साडूंनी कधी कोणाला हात लावू दिला नव्हता.

"बसा डावीकडे. शेवटची एक फेरी मारू."

साडू बसले आणि डोळे मिटले. मी मागे. घोडबंदरच्या एका वळणावर कुठल्याशा डंपरची वाळू सांडली होती. पुढची चाकं त्यावर गेली आणि गाडीचं नाक अलगद बाहेर सरकू लागलं.

"अगं, नाक..." साडू म्हणाले.

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ताईंनी पाय हलका केला, स्टीअरिंग किंचित सोडलं. नाक आत आलं.

"कोणी शिकवलं तुला?"

"अहो, लग्न झाल्यापासून जेवताना दुसरं काय ऐकलंय मी? कान आहेत ना मला!"

साडू हसले, डोळे मिटूनच. मला मागच्या सीटवर चक्क रडू आलं. थोड्या वेळानं त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "गिऱ्हाईकाला कळव रे, येऊ नको म्हणावं."

आता दर रविवारी ताई चालवतात आणि साडू बुडानं ऐकतात. "झकास," म्हणतात, किंवा "जरा लवकर ब्रेक गं." पण वळण लागलं की मांडीवरचे त्यांचे दोन्ही हात नुसतेच वळतात, आणि तेवढं मात्र मला बघवत नाही.