आन्सेल्मचा उलटा बाण

आन्सेल्मला भाऊ आहे, हे मला कळलं तेव्हा माझ्या हातातला पावांचा ट्रे खाली पडला. सगळे पाव जमिनीवर, आणि मी आपली ल्यों शहरातून आलेल्या त्या बाईकडे बघत उभी. इतकी वर्षं मी या माणसाच्या मागच्या चाकाला चिकटून सायकल चालवली आहे. त्याला कुठला गुडघा दुखतो, चढावर तो कधी नाक पुसतो, रेड वाइनच्या तिसऱ्या पेल्यानंतर कुठलं गाणं म्हणतो, सगळं मला पाठ. आणि सख्खा भाऊ? अक्षरानं नाही बोलला कधी!

आमच्या मोंतर्लू गावात आन्सेल्म व्हेर्दिएला सगळे ओळखतात ते बाणांमुळे. लाकडाच्या गिरणीत हयात गेली त्याची, पण खरा जीव सायकलीत. आमच्या सायकल क्लबाच्या फेऱ्यांचे रस्ते तोच आखायचा. वसंत आला की पिवळ्या रंगाचा डबा आणि पत्र्याचा साचा कॅरियरला बांधून निघायचा आणि प्रत्येक वळणाआधी डांबरावर बाण उमटवायचा. त्याच्या बाणांवर डोळे मिटून विश्वास. धुक्यात, पावसात, परक्या गावात, पिवळा बाण दिसला की आम्ही निर्धास्त.

फक्त एक बाण विचित्र होता. ऑगस्टमध्ये रानात जांभळी बोरं पिकली की आमची मोठी फेरी निघते. ती फाय खिंडीपर्यंत चढते. जीभ बाहेर येईपर्यंत चढायचं, वर पोहोचायचं, आणि तिथे आन्सेल्मचा बाण असायचा तो मागे वळलेला. म्हणजे आल्या वाटेनं परत. खिंडीपलीकडचा उतार आम्ही कधी चाखलाच नाही. कुणी कुरकुरलं की आन्सेल्म म्हणायचा, "पलीकडे जिल्हा बदलतो. दोन कचेऱ्यांची परवानगी लागते. तुम्हाला हवी तर तुम्ही आणा." कचेरीचं नाव काढलं की आमच्याकडे सगळ्यांचं तोंड बंद होतं. आणि आमचा माणूस खिंडीपलीकडे जातोच कशाला? बाजार इकडे, डॉक्टर इकडे, सोयरीकसुद्धा इकडेच. आन्सेल्म लग्न करून इथे आला तो 'कुठूनतरी वरून', एवढंच आम्हाला माहीत. आम्ही खोलात गेलो नाही, आणि त्याची बायको लवकर गेली, त्यामुळे सांगणारंही कुणी उरलं नाही.

मग मादाम ओदील आल्या. ल्योंच्या, निवृत्त, नवी कोरी सायकल, आणि प्रश्न विचारायची खोड. एका सकाळी एकट्याच खिंड ओलांडून पलीकडे उतरल्या आणि तशाच घामेजलेल्या माझ्या बेकरीत आल्या.

"जोझेत, पलीकडचा रस्ता लोण्यासारखा आहे हो! आणि परवानगीचं म्हणाल, तर मी फोन करून विचारलं. एकाच अर्जात दोन्ही जिल्ह्यांचं काम होतं."

"मग आन्सेल्म थापा मारतो की काय?" मी हसून म्हटलं.

"ते मला नाही माहीत. पण खिंडीखाली पहिलंच शेत आहे ना, तिथे मी पाणी मागायला थांबले. दार उघडलं तर समोर आन्सेल्म! तेच नाक, तेच कान. मी म्हटलं, 'अरे आन्सेल्म, तू इथे कसा?' तो माणूस म्हणाला, 'मी लेओनार व्हेर्दिए. तुमच्यात माझा भाऊ आहे का? बरा आहे ना?'"

इथेच माझा ट्रे पडला.

मी एप्रन न काढताच आन्सेल्मच्या घरी गेले. तो अंगणात साखळीला तेल देत होता.

"लेओनार कोण?" मी दारातूनच विचारलं.

त्याचा हात थांबला. मला वाटलं, आता उठून दार लावून घेईल.

"तुला कुणी सांगितलं?"

"ओदीलबाईंनी. आम्ही सगळे काय बावळट आहोत? दोन कचेऱ्या म्हणे! अख्ख्या क्लबाला तू एका भावासाठी खिंडीतून परत फिरवत होतास?"

"बस," तो म्हणाला. आणि मग बोलला. इतकं सलग बोलताना मी त्याला पहिल्यांदा ऐकलं.

खिंडीपलीकडच्या त्या शेतावर आई वारली तेव्हा तो चाळिशीचा होता. मेहुणा, आता तोही हयात नाही, गाडीतून नेतो म्हणाला. पण आन्सेल्मला मिजास भारी. "खिंड चढून मी तुमच्या आधी चर्चात असेन," म्हणाला. काळा सूट घडी घालून पिशवीत टाकला, सायकलीवर टांग मारली. जंगलात टायर फाटलं. शिवून, हवा भरून, पुन्हा फाटून तो पोहोचला तेव्हा चर्चातली प्रार्थना अर्धी झाली होती. कपडे बदलायला वेळ नव्हता. आखूड चड्डी, मांड्यांपर्यंत चिखल, आणि तळाला खिळे ठोकलेले सायकलीचे बूट. चर्चातल्या फरशीवर ते बूट टक टक वाजत शवपेटीपर्यंत गेले. सगळं चर्च वळून बघायला लागलं. कुणीतरी हसलं.

"बाहेर आल्यावर लेओनारनं माझी कॉलर धरली," आन्सेल्म म्हणाला. "सगळ्यांदेखत म्हणाला, 'पुन्हा या उतारावर पाय ठेवशील तर याद राख.' आईला माती द्यायलाही मी थांबलो नाही. तसाच वर निघून आलो."

"आणि गेलाच नाहीस परत?"

"तो तसं म्हणाला होता, जोझेत."

आमच्या डोंगरातली माणसं एकदा अबोला धरला की धरला, हे मला नवीन नाही. माझी मावशी शेजारणीशी मरेपर्यंत बोलली नाही, कोंबडीवरून. पण हा माणूस त्या अबोल्याला पिवळा रंग लावून दर वर्षी डांबरावर काढत होता, आणि आम्ही चाळीस गाढवं तो बाण बघून माना खाली घालून वळत होतो. मला राग आला, रडू आलं, आणि मी तिथल्या तिथे ओरडले, "या वर्षी फेरी खिंड ओलांडणार! तू बाण नाही काढलास तर मी काढेन, आणि मला साचा सरळ धरता येत नाही हे तुला माहीत आहे!"

"तो घरात घेणार नाही."

"नाही घेतलं तर नाही. पण हे वळणं आता बंद."

फेरीच्या दिवशी मी धापा टाकत खिंडीत पोहोचले आणि पाहिलं, उलटा बाण काळ्या रंगानं पुसलेला. शेजारी नवा, सरळ, पलीकडे जाणारा. आणि बाणापाशी आन्सेल्म. अंगात काळा सूट, पांढरा शर्ट, टाय. भर ऑगस्टात! साखळीत अडकू नये म्हणून पँटच्या पायांना चिमटे. कोट पोटावर इतका ताणलेला की बटणं कधी सुटतील नेम नाही. घाम नुसता धो धो.

"तोच सूट?" मी हळूच विचारलं.

"तोच. कधी घातलाच नव्हता."

एरवी आमच्या क्लबात एवढ्या विषयावर दिवसभर टवाळी झाली असती. आन्सेल्मनं ब्रेक तपासले आणि उताराला लागला. आम्ही मागे, अंतर ठेवून.

चार वळणं, आणि ते शेत. लेओनार कुंपणापाशीच होता. आन्सेल्म उतरला, सायकल हातात धरून उभा राहिला. दोघांची नाकं सारखी, टक्कल सारखं. कुणी हात पुढे करेना.

"तू नको म्हणाला होतास," आन्सेल्म म्हणाला. "तरी आलोय. आईला भेटतो आणि जातो."

"मी नको म्हणालो? काय नको?"

"या उतारावर पाय ठेवू नको म्हणालास. चर्चाबाहेर."

"मी असं म्हणालो?"

"सगळ्यांदेखत."

"अरे, आई गेली होती माझी! त्या दिवशी मी कुणाला काय काय बोललो, मला काय आठवतंय? पाद्रीबाबांना म्हणालो, प्रार्थना म्हणताय की डुलक्या काढताय. ते पुढच्याच रविवारी जेवायला आले!"

कुणालाच हसू आलं नाही. आन्सेल्मच्या हातून सायकल सुटली, कुंपणावर कलली. तो सुटासकट रस्त्याच्या कडेला खाली बसला. त्याचा चेहरा मला बघवेना.

"मग तू... तू का नाही आलास?" त्यानं विचारलं.

"मला वाटलं, कॉलर धरली म्हणून तू माझं तोंड बघत नाहीस." लेओनार त्याच्या शेजारी बसला. "दर ऑगस्टात तुमची फेरी वर यायची ना, इथे ऐकू यायची. हसणं, घंट्या, आरडाओरडा. मी इथेच उभा राहायचो. म्हणायचो, आज उतरेल. मग आवाज परत फिरायचे."

त्या आवाजांत सगळ्यात मोठा आवाज माझा असायचा.