फलाटावरचं ‘हाय’

साल दोन हजार चोवीस. माझं वय तेव्हा बाहत्तर, आधार कार्डावर एकोणसत्तर. शाळेत नाव घालताना मास्तरनं तारीख अंदाजानं टाकली. शाळाही चौथीपर्यंतच, त्यामुळं लिहिण्यात काही चुकलं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. पण माणूस पारखायला मला शाळा लागली नाही. जिंतूरला कापूस घालायला गेलो की काट्यावर कोणाचा अंगठा पडतो, ते मी लांबूनच ओळखतो. उभ्या जिंदगीत मला कोणी फसवलं नाही, आणि त्याचा मला अभिमान होता. देवाशीही मी तसाच वागायचो. दर सोमवारी चारठाण्याला महादेवाच्या दर्शनाला जायचो, पण नारळ कबूल केला तर तो काम झाल्यावरच फोडायचा. आगाऊ कधी दिला नाही.

धाकटा पोरगा जपानात नागोया नावाच्या शहरात नोकरीला आहे. त्यानं मला आणि माझ्या बायकोला तो मुलूख दाखवायला बोलावलं, आणि दोघांच्या हातात एकेक रेल्वेचा पास ठेवला. बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी असतो म्हणे. सात दिवस कुठंही जा, कितीदाही बसा, वेगळं तिकीट काढायचं काम नाही. मला तिथंच शंका आली. आपल्या एसटीत एक टप्पा जास्त बसलं तर कंडक्टर उठवतो, आणि हे लोक सगळा मुलूख मोकळा सोडतात? असा धंदा कोणी करत नसतं. यात कुठंतरी मेख असणार. मी बायकोच्या हातातला पास काढून घेतला, दोन्ही पास बंडीच्या आतल्या खिशात घातले आणि वरून पिन लावली.

तिथं ठेसनात शिरताना एक यंत्र असतं. त्याच्या तोंडात पास घालायचा, ते तो गिळतं, आणि आपण पुढं गेलो की पलीकडच्या फटीतून बाहेर काढतं. पोरगा म्हणाला, “आबा, घाला बिनधास्त. परत येतोय त्यो.” मी म्हणालो, “अन् न्हाई आला तर? तू त्याच्या पोटात हात घालणार हायेस का?” मी काही पास सोडला नाही. दर ठेसनावर बाजूच्या खिडकीतल्या माणसाला मुठीत धरलेले दोन्ही पास लांबूनच दाखवायचो. तो कमरेत वाकून नमस्कार करायचा. एवढा वाकणारा माणूस मला अजूनच संशयाचा वाटायचा. पोरगा खाली बघत उभा राहायचा. बायको तोंडाला पदर लावून म्हणाली, “उद्या महादेवालाबी बेल लांबूनच दाखवाल.”

एक दिवस पोराला कामावर जावं लागलं. आज घरीच थांबा, असं तो म्हणाला. मी ऐकलं नाही. जिंतूरहून परभणीला मला कोण बोट धरून नेतं? आम्ही दोघं क्योटोची देवळं बघून संध्याकाळपर्यंत येतो, म्हणून सांगितलं. त्यानं आम्हाला गाडीत बसवून दिलं. त्यानं दिलेला फोन मी सकाळीच उशाखाली ठेवून आलो होतो. फोन जवळ असला की आपण कुठं आहोत ते परक्या माणसाला कळतं, असं मी ऐकलेलं.

वाटेत बायकोला तहान लागली आणि बाटली रिकामी. मधल्या एका ठेसनात गाडी थांबली. आपल्याकडं परभणीला गाडी थांबली की लोक नळावर बाटल्या भरतात, चूळ भरतात, चहा घेतात, मग गाडी निवांत हलते. मीही तसाच बाटली घेऊन उतरलो. नळ कुठं दिसतो का म्हणून मान फिरवली, तोवर पाठीमागं दारं लागली. गाडीला धक्कासुद्धा बसला नाही. खिडकीच्या काचेला हात लावून बायको माझ्याकडं बघत होती, आणि बघता बघता ती गाडीसकट गेली. तिच्याजवळ फोन नाही, आपल्या बोलीशिवाय दुसरी भाषा नाही, आणि तिचा पास माझ्या बंडीत. तिला कुठं उतरवतील, बिगर पासाची म्हणून कुठं नेऊन बसवतील?

टोपी घातलेला एक रेल्वेचा माणूस जवळ आला आणि काहीतरी विचारू लागला. मी खिशावर हात दाबला आणि मान हलवून त्याला घालवून दिलं. हा आता पास मागणार, आणि दोन्ही घेऊन जाणार, हेच माझ्या मनात. मग बाकावर बसलो. नेहमीप्रमाणं नारळ कबूल करावा म्हटलं, तर शब्दच फुटेना. कोणत्या तोंडानं सौदा करायचा? एवढंच निघालं, तेही मोठ्यानं: “महादेवा, हायेस का रं तू?”

शेजारून आवाज आला, “हाय.”

अंगावर काटा आला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी बसली होती. पाठीत वाकलेली, मांडीवर कापडात बांधलेलं गाठोडं, माझ्याहून वयानं मोठी. कधी येऊन बसली ते मला कळलं नव्हतं. पहिला विचार आला तो हाच, की ही कोण, आणि हिला आपली भाषा कशी येते? काहीतरी डाव असंल. मी पारखून बघावं म्हणून विचारलं, “माझी बायको गाडीत ऱ्हायली. सुखरूप हाय का ती?” तिनं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं, मान हलवली आणि म्हणाली, “हाय, हाय.”

मग ती उठली आणि मी घालवलेल्या त्याच टोपीवाल्याला तिनं बोलावून आणलं. त्यानं खुणेनं तिकीट मागितलं. घाईत पिन काही निघेना. म्हातारीनं माझ्या बंडीकडं बोट केलं, आणि मी, ज्यानं सख्ख्या पोरावर इतबार ठेवला नाही, तिच्यापुढं गप उभा राहिलो. तिनं पिन काढली. माणूस एक आणि पास दोन, हे बघून त्या टोपीवाल्याच्या ध्यानात सगळं आलं. तो दोन्ही पास घेऊन आत गेला, फोनवर बोलत राहिला. समोरच्या फलाटावर एक गाडी आली आणि गेली. म्हातारीनं गाठोडं उचललं होतं, ते परत खाली ठेवलं. ती तिचीच गाडी होती, हे मला फार उशिरा उमगलं.

तो माणूस बाहेर आला आणि त्यानं दोन्ही पास दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसे, माझ्या हातावर ठेवले. पुढच्या गाडीत त्यानं मला बसवून दिलं. म्हातारी फलाटावर वाकून उभी होती. मी आतून हात जोडले. ती कोण, कुठली, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

क्योटोला गाडीच्या दारापाशीच एक जण उभा होता. त्यानं मला एका खोलीत नेलं. तिथं माझी बायको खुर्चीवर मांडी घालून चहा पीत बसलेली. मला बघून तिचे डोळे भरले, पण बोलली ती एवढंच, “अवो, पाणी आणलं का?” रिकामी बाटली अजून माझ्या हातातच होती.

रात्री जेवताना पोराला सगळं सांगितलं. तो हसला. म्हणाला, “आबा, ‘हाय’ म्हंजे त्यांच्यात ‘हो’. अन् नुसतं ‘ऐकायलोय’ म्हणायचं असलं तरी ते ‘हाय’च म्हणतात. तिला तुमचं एक अक्षर कळलं नसंल.” मी म्हणालो, “मग दुसरं मी काय म्हणलो? मी विचारलं, अन् कोणीतरी ऐकायलं होतं.” पुढं मी वाद वाढवला नाही. मला एवढंच कळतं, की त्या दिवशी मी नारळ कबूल केला नव्हता, काहीच कबूल केलं नव्हतं. माझ्या मुठीत होते तोवर ते पास नुसते कागद होते. मूठ उघडली तेव्हा माझं माणूस मला परत मिळालं. एवढी उधारी महादेवानं माझ्यावर इतबारानं ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेसनावर गेल्यावर बायकोचा पास मी तिच्या हातात दिला. ती यंत्रातून पुढं निघून गेली. मी माझा पास त्याच्या तोंडाशी धरला, त्यानं ओढला, आणि मी बोटं सोडून दिली. पलीकडच्या फटीकडं वळूनही न बघता बायकोच्या मागं चालायला लागलो. शेवटी पोरगाच मागून ओरडला, “आबा, पास तरी घ्या की, तिथंच ऱ्हायलाय.”