तेल लावलेलं बाळ

पेठ तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात गावित सिस्टरांनी कपाट उघडलं आणि आमची सहाच्या सहा मशीन्स आत नीट रचलेली दिसली. वायरी गुंडाळून, वरून फडकं. माझ्या शेजारी पुण्याचे कुलकर्णी सर उभे होते. आमच्या कंपनीत पैसे घालायचे की नाही, हे ठरवायला आलेले. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला.

मशीन तसं साधं. कमी वजनाचं बाळ गार पडलं तरी रडत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. आमचा सेन्सर म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी चकती. ती बाळाच्या काखेत चिकटवायची. अंग गार झालं की टेबलावरची डबी वाजते. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात तीन वर्षं खपून आम्ही चौघांनी ते केलं होतं. कुलकर्णी सर नाही म्हणाले, तर गाळ्याला कुलूप लागणार होतं.

"सिस्टर, वापरत का नाही?"

"मॅडम, सारखं वाजतंय. बाळ चांगलं उबदार असतंय, चकतीच खाली पडलेली. आया लय घाबरतात. मग बंद केलं."

"चिकटत का नाही पण?"

"तेल लावतात ना बाळाला! धरायला गेलं तर हातातून निसटतंय. तुमची चकती काय टिकणार?"

माझ्या दोन्ही मुलांना इंदिरानगरच्या घरी मालिशवाल्या बाई यायच्या. तरी मी शहाणीने टेस्टिंग केलं ते प्लास्टिकच्या बाहुलीवर. स्वतःचाच असा राग आला!

परतताना गाडीत सर म्हणाले, "शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलांना विका. तिथे तेलाचा प्रश्न नाही. मी लगेच पैसे देतो."

"तिथे बाळाजवळ सतत माणूस असतं, सर. इथे एकटी सिस्टर अख्खा वॉर्ड बघते."

"मग मला जमणार नाही."

आम्ही आधी जास्त चिकट पट्टी केली. माझ्याच हातावर लावून पाहिली, तर कातडी लाल झाली. ती फेकली. मग मुकाट्याने पुन्हा पेठची वाट धरली.

"तेल नका लावू म्हटलं, तर आया मान हलवतील आणि माझी पाठ वळली की लावतील," गावित सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी एक झबलं उचललं. "इथं काखेपाशी आतून खिसा शिवा. चकती खिशात. बाजूचा बंद बांधला की हलायची नाय."

पहिली तीन झबली फसली. एक ढगळ झालं, एकाचा खिसा उसवला, तिसरं धुतल्यावर आटलं. चौथं टिकलं, तेलासकट.

कुलकर्णी सरांना मी इतके फोन केले की शेवटी ते वैतागून आले. आम्ही वॉर्डात उभे असतानाच डबी वाजली.

"पडली वाटतं चकती," सर म्हणाले.

सिस्टरांनी झबल्यात हात घातला. चकती जागेवर होती. बाळाचे पाय गार होते. त्यांनी झबल्याचे पुढचे बंद सोडले, बाळ आईच्या उघड्या छातीशी लावलं, वर गोधडी घातली. आम्ही सगळे त्या डबीकडे बघत उभे. बऱ्याच वेळाने ती गप्प झाली आणि बाळ रडलं. माझेही डोळे भरून आले, लपवलं नाही मी.

आम्ही मागितले त्याच्या निम्मे पैसे सरांनी दिले. तेवढ्यात भागलं. पेटंटच्या अर्जावर माझ्या नावाआधी गावित सिस्टरांचं नाव आहे.

नवे उद्योजक विचारतात, फंडिंग कसं मिळवायचं? मी सांगते, तुमचं मशीन कुणी बंद करून ठेवलंय ते आधी शोधा आणि त्याच्यासमोर गप्प बसा.