काशीबाईचं माप चुकलं नव्हतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, चाचांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझे कुणी लागत नाही — म्हणूनच असेल.

मी पेणजवळच्या गडबचा. आठवीत शाळा सोडली. बरीच वर्षं झाली, इकडे मनालीच्या वर बर्फात असतो. पर्यटकांना फिरवायला बर्फावरच्या स्कूटर असतात — पुढे घसरायच्या पट्ट्या, मागे रबरी पट्टा — त्यांची इंजिनं मी बघतो. खाडीकाठचा माणूस बर्फात काय करतो, असं लोक विचारतात. इंजिन तेच हो. टू-स्ट्रोक, दोरी ओढून चालू करायचं. आमच्या धरमतरच्या खाडीत होडीच्या मागे लावतात ना, त्याचाच भाऊ.

आज सकाळी एक स्कूटर आली. पळवली की झकास, हळू केली की खोकते, मिस मारते, बंद पडते. माझ्याबरोबरचा मेकॅनिक ठाकूर म्हणाला, स्लो जेट चोक असणार. बरोबर होतं त्याचं. इंजिन हळू चालतं तेव्हा त्याचं पेट्रोल कार्बोरेटरमधल्या त्या एका पितळी जेटमधून येतं, आणि त्याचं भोक केसाएवढं. मग ठाकूरने ब्रेकच्या केबलमधली एक तार तोडली, जेटात घालायला वाकला आणि — मी ओरडलो. तार हिसकावून घेतली. तो म्हणाला, "इतना क्या हुआ भाई, जेट ही तो है."

जेटच आहे. हो.

मला पेणला अब्बासचाचांनी शिकवलं. हायवेला त्यांचं गॅरेज होतं. मला काही येत नव्हतं तेव्हा त्यांनी पाना हातात दिला, स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली. आज दोन घास खातो ते त्यांच्यामुळे — हे मी विसरलेलो नाही, म्हणून तर पुढचं लिहिताना हात अडतो. चाचांचं एक ठरलेलं होतं. "जेटात तार नाय घालायची. पेट्रोलात भिजत ठेव, फुंक मार. नाय सुटलं तर परत भिजत ठेव. पितळ मऊ असतं बाबा, भोक मोठं झालं की गेलं." गिऱ्हाइकांना ते माझ्याबद्दल सांगायचे, "ह्याचा हात हलका हाय."

काशीबाई खाडीकाठच्या. नवरा मिठागरात, त्याची कमाई हंगामापुरती. बाकीचं वर्ष त्यांच्या होडीवर चालायचं. जाळं लावताना होडी हळू न्यावी लागते, आणि बाजूने मालाच्या बार्जेस जात असतात. तिथं इंजिन बंद पडलं तर? ओहोटी होडीला कुठे नेऊन आपटेल, सांगता येत नाही. म्हणून इंजिन हळूवर खोकायला लागलं तशा त्या ते घेऊन आल्या. नवऱ्याने डोक्यावरून आणलं.

नेमकं त्या दिवशी मला रोह्याला मुलगी बघायला जायचं होतं. वडील नव्हते, वडीलधारे म्हणून चाचा येणार होते. ते कपडे बदलायला घरी गेले. जाता जाता म्हणाले, तेवढं जेट बघून ठेव. मी काढलं. चोक होतं. भिजत ठेवायला वेळ कुठे होता? की होता — एक दिवस इंजिन राहिलं असतं तर काय बिघडणार होतं? मी क्लच केबलची तार घेतली आणि घातली. बोटाला किंचित खरखर लागली. त्याच क्षणी कळलं मला. तरी जेट बसवलं, हात धुतले, एसटी पकडली.

रोह्याला पोहे आले. चाचा मुलीच्या वडिलांना म्हणाले, "हात हलका हाय पोराचा." तिने मान खाली ठेवूनच माझ्या हातांकडे बघितलं.

लग्न ठरलं. आणि काशीबाई परत आल्या. "बाला, इंजान अजून खोकतंय रं. हलू केला का बंद परतं." चाचांनी प्लग काढला — काळा, ओला. मला विचारलं, जेट फुंकलंस ना? मी म्हणालो, फुंकलं. त्यांनी परत विचारलं नाही. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, आणि तो मी वापरला.

आता ऐका. भोक मोठं झालं की पेट्रोल जास्त येतं आणि प्लग काळा पडतो. ह्या इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात; ते जास्त पडलं तरी काळाच पडतो. मी म्हणालो — मीच म्हणालो, चाचा नाही — "मावशी, ऑइल जास्त घालता तुम्ही." त्या गांगरल्या. घरी स्टीलच्या पेल्याने ऑइल मोजायच्या, देवाचं तीर्थ मोजावं तसं. "माप तोच हाय माझा," म्हणाल्या. चाचा म्हणाले, अगदी थोडं कमी करून बघ गो.

त्यांनी केलं. पुन्हा आल्या. त्या दिवशी शुक्रवार, चाचा नमाजाला गेलेले. अजून खोकतंय, म्हणाल्या. मी एकटा होतो. नवीन जेट मुंबईहून मागवावं लागलं असतं, आणि जुनं चाचांनी उजेडाला धरून बघितलं असतं. मग रोह्याला काय सांगितलं असतं त्यांनी? मी काशीबाईंना म्हणालो, अजून कमी करा.

ऑइल कमी पडलं की पिस्टन जाम होतो, हे मला माहीत नव्हतं? गॅरेजात शिकलेली पहिली गोष्ट ती.

इंजिन भर खाडीत जाम झालं. बार्जवाल्यांनी दोर टाकला म्हणून बाई काठाला लागल्या. चाचांनी सिलिंडर उघडला, पिस्टन ओरबाडलेला. ते कधी कुणावर आवाज चढवत नसत, पण त्या दिवशी म्हणाले, "काशीबाय, इतकं कमी करतं काय कुणी? कुणी सांगितलं तुला?"

काशीबाईंनी माझ्याकडे बघितलं. लग्न ठरल्याचं त्यांना माहीत होतं. मग त्या चाचांना म्हणाल्या, "माझाच माप चुकला."

मी पक्कड पुसत होतो. पुसतच राहिलो. कार्बोरेटर कुणी उघडलाच नाही.

इंजिनाचा खर्च झेपला नाही, होडी विकावी लागली. काशीबाई कोळंबी सोलायच्या शेडमध्ये लागल्या, बर्फात हात घालून. हे लिहिताना खिडकीबाहेर बर्फच दिसतोय. मला इकडची नोकरी चाचांच्या शब्दावर मिळाली; काय शब्द, ते तुम्हाला ठाऊक आहे. चाचा आता नाहीत.

काशीबाई आहेत. माझ्या लग्नाला त्या सुका जवळा घेऊन आल्या होत्या, आणि तेव्हापासून दरवर्षी सासुरवाडीच्या माणसांकडे माझ्यासाठी पिशवी देतात. पोरगं लांब थंडीत राहतं, म्हणतात. यंदाचीही आली. बायकोने आज दुपारी कांदा घालून केला.

मी खाल्ला. तिने विचारलं, अजून वाढू? मी ताट पुढे केलं.